जुनी जपानी ‘कॉपी’ गिटार घ्यायची तर

टोकियोत ओचानोमिझू स्टेशनातून बाहेर पडलं की मेइदाई-दोरीचा उतार लागतो. दोन्ही बाजूंना गिटारांची दुकानं. त्यांतल्या बऱ्याच दुकानांत एक भिंत अशी असते, की लांबून बघितलं तर सगळ्या गिब्सन लेस पॉल आणि फेंडर स्ट्रॅटोकास्टर वाटतात. जवळ गेलं की हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असतात त्या वरच्या टोकावर, नावं भलतीच निघतात: ग्रेको, टोकाई, बर्नी, फर्नांडिस. (शेवटचं नाव ऐकून कुणाला मडगावचं घराणं आठवेल, पण ब्रँड अस्सल जपानी.) अमेरिकन गिटारींच्या या जपानी नकला, म्हणून त्यांना ‘कॉपी’ म्हणतात.

मी राहतो निशिकासाईला. दर काही महिन्यांनी पुण्याहून नाहीतर ठाण्याहून निरोप येतो, “अरे, तिकडे ती लॉसूट गिटार मिळते ना, येताना एक घेऊन ये.” प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो: या गिटारींमध्ये नाव, पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग), चकाकी हे सगळं नंतरचं. आधी नेक. बाकी सगळं बदलता येतं, बिघडलेली नेक (तारांखालचा लांब दांडा) मात्र गळ्यात पडते.

‘लॉसूट’ या शब्दावर पैसे घालवू नका

विक्रेते सत्तरच्या दशकातल्या कुठल्याही जपानी गिटारला ‘लॉसूट’, म्हणजे खटल्यातली, म्हणतात आणि किंमत चढवतात. प्रत्यक्षात खटला झाला एकच. गिब्सनची तेव्हाची मालक कंपनी नॉर्लिन हिने जून १९७७मध्ये फिलाडेल्फियाच्या कोर्टात एल्जर कंपनीवर दावा लावला. एल्जर म्हणजे आयबानेझच्या गिटारी अमेरिकेत विकणारी कंपनी. भांडण होतं हेडस्टॉकच्या आकाराचं: वरची कड उघड्या पुस्तकासारखी दिसते ना, तो गिब्सनचा आकार. गंमत म्हणजे दावा लागला तोवर आयबानेझने तो आकार सोडूनही दिला होता. १९७८मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली.

म्हणजे ग्रेको, टोकाई, बर्नी यांतली कुठलीच गिटार त्या खटल्यातली नव्हे. ग्रेकोने तर ‘उघडं पुस्तक’ त्यानंतरही काही वर्षं तसंच ठेवलं, कारण तो माल मुख्यतः जपानातच विकायचा होता. तेव्हा जाहिरातीत ‘लॉसूट’ दिसलं, तर विक्रेत्याने वर्ष आणि मॉडेल नंबर लिहिलाय का ते बघा. लिहिला नसेल तर आधी तो विचारा.

नेमकं कुठलं वर्ष बघायचं

साधारण तीन काळ डोक्यात ठेवले तरी पुरे.

पहिला, १९७०च्या आसपासपासून १९७४पर्यंतचा. जपानी येन १९७१पर्यंत एका डॉलरला ३६० या दराने बांधलेला होता, त्यामुळे अमेरिकेत हा माल स्वस्तात पडायचा. या काळातल्या लेस पॉल दिसायला झकास, पण बऱ्याच जणींची नेक चार स्क्रूंनी बसवलेली. खऱ्या लेस पॉलला नेक चिकटवलेली असते. शिवाय कित्येकींचा वरचा फुगीर भाग प्लायवूडचा आणि त्याखाली पोकळी. बोटांनी टकटक केलं की कळतं. मागच्या प्लेटवर नुसतं ‘स्टील ॲडजस्टेबल नेक, मेड इन जपान’ एवढंच कोरलेलं, नंबर नाही. भिंतीवर शोभतात, आवाजही कधी कधी मजेदार असतो, पण खऱ्या लेस पॉलच्या अपेक्षेने घेऊ नका.

दुसरा काळ १९७५ ते १९७७चा, संक्रमणाचा. चिकटवलेली नेक आली, लाकूड सुधारलं, पण एकाच मॉडेलमध्ये या वर्षी एक तर त्या वर्षी दुसरं. इथे प्रत्येक गिटार स्वतंत्र तपासावी लागते.

तिसरा, १९७८ ते १९८२. लोक ज्यासाठी वेडे होतात तो हाच. त्या वेळी अमेरिकेत दोन्ही मूळ कंपन्या मोठ्या उद्योगसमूहांच्या हातात होत्या. फेंडर १९६५पासून सीबीएस या प्रसारण कंपनीकडे, गिब्सन नॉर्लिनकडे. फेंडरने १९७१मध्ये स्ट्रॅटची (स्ट्रॅटोकास्टरची) नेक तीन बोल्टांवर आणली, गिब्सनने बॉडी थर चिकटवून ‘पॅनकेक’ करायला घेतली. जपानी कारखान्यांनी मात्र समोरच्या नव्या अमेरिकन गिटारीची नक्कल करण्याऐवजी पन्नाशीच्या दशकातल्या जुन्या गिटारी उघडून त्यांची मापं घेतली. नक्कल मुळाहून मुळाच्या जवळ गेली ती अशी.

पुढे मार्च १९८२मध्ये फेंडरनेच कांडा शोकाई आणि यामानो गक्की या जपानी कंपन्यांसोबत ‘फेंडर जपान’ काढली आणि गिटारी बनवायचं काम दिलं फुजिगेन गक्कीला. ग्रेको हा कांडा शोकाईचाच ब्रँड, आणि ग्रेकोच्या गिटारीही फुजिगेनच बनवायची. ज्यांनी नक्कल केली त्यांनाच अस्सलचा ठेका. साहजिकच ग्रेकोच्या फेंडर-नकला बंद झाल्या.

कुणी बनवली?

हेडस्टॉकवरचा ब्रँड आणि कारखाना यांची सरमिसळ करू नका. नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो या एका शहरात दोन मोठे कारखाने होते. १९६०मध्ये सुरू झालेली फुजिगेन ग्रेको आणि आयबानेझ बनवायची. मात्सुमोकू ही मूळची सिंगर शिलाई मशीनच्या लाकडी पेट्या बनवणारी. तिने एरिया, वेस्टोन आणि १९७०नंतरच्या जपानी एपिफोन बनवल्या आणि १९८७मध्ये गाशा गुंडाळला. शिलाई मशीनची पेटी बनवणाऱ्या हातांना सांधा कसा बसवायचा हे शिकवावं लागलं नसणार. टोकाई मात्र स्वतःचा कारखाना असलेली कंपनी, १९४७ची, हामामात्सुची. बर्नी आणि फर्नांडिस वेगवेगळ्या कारखान्यांतून करून घेतलेल्या, म्हणून त्यांच्यात दर्जाचा चढउतार जास्त.

मॉडेल नंबर म्हणजे किंमतपट्टी

ही गोष्ट कळली की निम्मं काम झालं. त्या काळातल्या बहुतेक जपानी गिटारींच्या मॉडेल नंबरात मूळ किंमतच लिहिलेली असते. टोकाई एलएस-८० म्हणजे ८० हजार येन. बर्नी आरएलजी-७० म्हणजे ७० हजार. ग्रेकोत एक शून्य जास्त: ईजी-५०० म्हणजे ५० हजार, ईजी-१००० म्हणजे एक लाख. फेंडर जपानचंही तसंच: एसटी६२-११५ म्हणजे १९६२च्या धर्तीची स्ट्रॅट, ११५ हजार येन.

किंमत वाढली की काय वाढायचं? लाकडाचे तुकडे कमी व्हायचे, पिकअप आणि हार्डवेअर सुधारायचं, अगदी वरच्या मॉडेलांना पॉलिएस्टरच्या जाड थराऐवजी पातळ लॅकर मिळायचं. ग्रेकोच्या ‘सुपर रिअल’ मालिकेत आणि टोकाईच्या वरच्या एलएस मॉडेलांत नेकचं लाकूड पिकअपच्या खोबणीपर्यंत आत घुसवलेलं असतं, पन्नाशीतल्या लेस पॉलसारखं.

माझं मत विचाराल, तर अगदी वरच्या मॉडेलांच्या मागे धावू नये. ६० ते ८०च्या घरातल्या मॉडेलांत नेक आणि लाकूड चांगलं मिळतं, आणि संग्राहकांची झुंबडही तिथे कमी.

टोकाईच्या स्ट्रॅटचं नाव ‘स्प्रिंगी साउंड’, टेलिकास्टरचं (फेंडरचंच दुसरं मॉडेल) ‘ब्रीझी साउंड’, लेस पॉलचं आधी ‘लेस पॉल रीबॉर्न’, मग ‘रीबॉर्न ओल्ड’, मग ‘लव्ह रॉक’. शेवटचं नाव वाचून हसू येतं, गिटार वाजवली की थांबतं.

सिरियल नंबर

ग्रेको आणि आयबानेझचा नंबर वाचणं सोपं. पहिलं अक्षर महिना (ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर), पुढचे दोन आकडे वर्ष. एफ७८ने सुरू झाला तर जून १९७८. फेंडर जपानच्या पहिल्या खेपेचा नंबर जेव्हीने सुरू होतो, तो १९८२ ते १९८४चा. टोकाईच्या लेस पॉलवर सात आकडे असले तर पहिला आकडा सहसा वर्षाचा शेवटचा असतो: ० म्हणजे १९८०.

पण स्ट्रॅटमध्ये हा नंबर बऱ्याचदा मागच्या प्लेटवर असतो, आणि ती प्लेट चार स्क्रूंत निघते. नेक एका गिटारीची, बॉडी दुसरीची, प्लेट तिसरीची, असा वऱ्हाडी जमाव मी बघितलाय. आणि टोकाईने पुढे कोरियातही गिटारी बनवल्या. हेडस्टॉकवरचं ट्रस रॉडचं (नेकच्या आतल्या, बाक कमी-जास्त करणाऱ्या सळईचं) झाकण दोन स्क्रूंचं असेल तर सहसा जपानी, तीन स्क्रूंचं असेल तर दुसरीकडची समजून जास्त चौकशी करा.

आता हातात घ्या

दुकानात विचारायचं, “शिसो देकिमास का?” म्हणजे वाजवून बघू का. नाही म्हणत नाहीत. स्वतः भिंतीवरून काढू नका, तेवढं त्यांना आवडत नाही. पॅंटचं बक्कल मोठं असेल तर तेही काढून ठेवा.

सगळ्यात आधी नेक. बॉडीचा तळ छातीशी धरा, हेडस्टॉक खाली जमिनीकडे, आणि बंदुकीचा नेम धरावा तसं एका डोळ्याने फ्रेटबोर्डच्या (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कडेवरून बघा. आधी जाड तारेची बाजू, मग बारीक तारेची. दोन्ही कडांचा बाक सारखा असला तर ठीक. एक कड सरळ आणि दुसरी वाकलेली असली, तर नेकला पीळ बसलाय. तो घरी सुटत नाही. गिटार परत द्या, आभार माना.

मग पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर जाड तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट आहे ते बघा. ०.२ मिमीच्या आसपास उत्तम. फट मोठी असेल तर पुढचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: ट्रस रॉडला अजून वाव आहे का?

इथे माझीच फजिती सांगतो. पहिली जपानी कॉपी मी एका जुन्या सामानाच्या दुकानातल्या भंगार कोपऱ्यातून उचलली. सत्तरच्या दशकातली स्क्रूवाली लेस पॉल, लाल-पिवळी, मोहात पाडणारी. बाराव्या फ्रेटवर तारा एवढ्या वर, की खाली पेन सरकलं असतं. म्हटलं, रॉड थोडा आवळला की झालं. घरी आल्यावर ट्रस रॉडचं झाकण काढलं, टॉर्च मारली, तर आधीच्या मालकाने नट आटे संपेपर्यंत फिरवून ठेवलेला. पाव फेरासुद्धा पुढे जाईना. एका कारागिराने नटखाली पातळ वॉशर घालून थोडी जागा काढून दिली. फरक पडला, पण पुरेसा नाही. आज ती गिटार स्लाइड (तारांवर नळी सरकवून) वाजवायला कामाला येते, तिथे तारा उंच असलेल्याच बऱ्या.

म्हणून दुकानातच झाकण काढायला सांगा. नट किती आत गेलाय बघा. कर्मचाऱ्याला आधी थोडा सैल करून मग पाव फेरा आवळायला सांगा. नेक हलली की रॉड जिवंत.

नेक पास झाली की बाकीचं पटापट. लेस पॉलमध्ये हेडस्टॉकच्या मागे, जिथे नेक वाकून मागे जाते, तिथे टॉर्च तिरपी धरा. दुरुस्त केलेली मोड केसासारख्या रेषेने किंवा रंगाच्या बदलाने दिसते. नीट चिकटवलेली मोड वाजवायला त्रास देत नाही, पण मग किंमतही मोडक्या गिटारीची हवी. स्ट्रॅटमध्ये नेक आणि बॉडीच्या फटीत कागद जातोय का बघा.

फ्रेट जपानी लोक ‘वारी’त मोजतात, म्हणजे दहा भागांत. ‘नाना-वारी’ म्हणजे सात भाग शिल्लक. पंढरीशी संबंध नाही. पाचच्या खाली असेल तर नव्या फ्रेटचा खर्च धरून भाव करा.

आवाज ॲम्पशिवाय तपासायचा असेल तर मल्टिमीटर न्या. गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, प्लगच्या टोकावर आणि दांड्यावर मल्टिमीटरच्या तारा टेकवा. हंबकर (दुहेरी कॉइलचा) पिकअप साधारण ७ ते ८.५ किलो-ओम, स्ट्रॅटचा सिंगल कॉइल ५.५ ते ६.५. लेस पॉलचा स्विच मधे घेतला की आकडा निम्म्यावर यायला हवा. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटलीय, पिकअपमधली किंवा जोडणीतली. दुसरी असली तर पाच मिनिटांचं काम, पहिली असली तर खर्च.

ऑनलाइन यादी वाचताना

‘जंक’ म्हणजे परत घेणार नाही, काहीही विचारू नका. ‘दोसा मिकाकुनिन’ म्हणजे चालते का हे आम्ही बघितलंच नाही. प्रत्यक्षात ‘चालत नाही’ असंच समजा. ‘जुन-झोरी’ म्हणजे तारांच्या ओढीने पुढे आलेला बाक, रॉडला वाव असेल तर घाबरायचं कारण नाही. ‘ग्याकु-झोरी’ म्हणजे उलटा बाक. रॉड सैल करून आणि जाड तारा चढवून बघावं लागतं. ‘नेजिरे’ म्हणजे पीळ. हा शब्द दिसला की पान बंद करा. ‘हाकारांदा’ म्हणजे ब्राझिलियन रोझवूड. ऐकायला भारी, पण १९९२पासून ते लाकूड ‘साइट्स’ या धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या यादीत आहे आणि परवान्याशिवाय सीमा ओलांडू शकत नाही. इतर रोझवूडच्या तयार वाद्यांना २०१९पासून त्या करारातून सूट आहे.

भारतात न्यायची असेल तर कुरियरचा विचार करण्याआधी कस्टम एजंटाशी बोला. वापरलेल्या वस्तूंची आयात आपल्या व्यापार धोरणात निर्बंधित आहे आणि पार्सल अडकू शकतं. प्रवासी सामानातून नेली तरी पावती सोबत ठेवा आणि लागेल तो कर भरायची तयारी ठेवा. तारा दोन-तीन सूर सैल करा, पण पूर्ण काढू नका. लेस पॉल असेल तर केसमध्ये हेडस्टॉकच्या खाली आणि दोन्ही बाजूंनी टॉवेल गच्च भरा. तुटते ती तिथेच. सोबत ॲम्प घेत असाल तर लक्षात ठेवा, जपानात वीज १०० व्होल्ट. घरच्या २३० व्होल्टमध्ये खोचलात तर धूर निघेल.

घरी आल्यावर

लगेच रॉड फिरवायला जाऊ नका. टोकियोच्या कोरड्या हिवाळ्यातून मुंबईच्या दमट हवेत आलेलं लाकूड आठ-दहा दिवस हलतं. तोवर वाजवा, सूर लावा, राहू द्या. मग ०१०च्या (सर्वात बारीक तार ०.०१० इंच) तारा चढवून नेकचा बाक ०.२ मिमीवर आणा, बाराव्या फ्रेटवर जाड तार २ मिमी, बारीक तार १.५ मिमीच्या आसपास ठेवा. खरखरणाऱ्या पॉट्समध्ये (नॉबखालच्या फिरत्या भागांत) कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून तीस-चाळीस वेळा फिरवा. नव्वद टक्के खरखर तेवढ्याने जाते.

स्क्रू काढताना नेहमीचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर वापरलात तर डोकं सोलवटेल. जपानी स्क्रू जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाचे असतात, त्याचा स्क्रूड्रायव्हर वेगळा मिळतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या स्क्रूचं डोकं एकदा गेलं की ड्रिल काढावं लागतं.

सुटे भाग मागवतानाही हाच घोळ. जपानी मापं मेट्रिक, अमेरिकन इंचात. अमेरिकन नॉब जपानी पॉटच्या दांड्यावर बसत नाही, कारण दात्यांची संख्या वेगळी. लेस पॉलच्या ब्रिजचे (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) खांब वेगळ्या आट्यांचे. जपानी स्ट्रॅटच्या ब्रिजवर बऱ्याचदा दोन तारांमधलं अंतर १०.८ मिमी असतं आणि जुन्या अमेरिकन मापाचं ११.३. दिसायला फरक शून्य, पण सहा स्क्रूंची भोकं जुळत नाहीत. व्हर्निअर कॅलिपरने मोजल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

आणि जे काही बदलाल, जुना पिकअप, गंजलेला स्विच, पिवळं पडलेलं नॉब, ते झिपच्या पिशवीत घालून केसच्या खणात ठेवा, वर तारीख लिहून. पिकअप उलटा करून बघा, मागे काही छापलेलं असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. माझ्या ग्रेकोच्या केसमध्ये आधीच्या मालकाने अशीच एक पिशवी ठेवली होती. तिच्यात मूळ ट्यूनर होते, सहाच्या सहा, स्क्रूंसकट.